दोनच्या घाताची दमदाटी

क्वांटम संगणकावरचं कोणतंही सादरीकरण घ्या, तिसऱ्या-चौथ्या स्लाइडवर एक आकडा हमखास भेटतो: दोनचा तीनशेवा घात. तीनशे स्पिन, म्हणजे अणूंच्या पातळीवरचे चिमुकले चुंबक, प्रत्येकाच्या दोनच दिशा, वर किंवा खाली. या सगळ्यांची मिळून होणारी क्वांटम अवस्था पूर्ण लिहून काढायची तर साधारण दोनावर नव्वद शून्यं इतक्या संख्या लागतात. दृश्य विश्वातल्या अणूंची संख्या एकावर ऐंशी शून्यांच्या आसपास मानली जाते. म्हणजे प्रत्येक अणूवर एकेक संख्या कोरली तरी जागा पुरायची नाही. सबब क्वांटम यंत्राला पर्याय नाही, असं म्हणून वक्ता पुढच्या स्लाइडवर जातो आणि सभागृहात कोणाची हात वर करायची छाती होत नाही.

आकडा खरा आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र खरा नाही, आणि बहुकण स्पिन-प्रणालींवर काम करणाऱ्यांना हे गेली तीस वर्षं माहीत आहे. तीनशे काय, हजार स्पिनांच्या साखळीची न्यूनतम ऊर्जेची अवस्था साध्या लॅपटॉपवर आठ-दहा अंकांपर्यंत अचूक काढता येते. हे कसं जमतं ते कळलं नाही, तर क्वांटम यंत्रांबद्दलच्या जाहीर दाव्यांपैकी कोणता पेलण्यासारखा आणि कोणता पोकळ, हेही कळत नाही. आणि कळणं भाग आहे, कारण या क्षेत्रात सरकारी मोहिमा आहेत, शेअर बाजारात उतरलेल्या कंपन्या आहेत, आणि निधी कुणाला द्यायचा हे ठरवणाऱ्या समित्यांसमोर रोज नवा विक्रम ठेवला जातो आहे.

माझं म्हणणं असं. ‘नेहमीच्या संगणकाला जमणार नाही ते आमच्या यंत्राने केलं’ या दाव्याचं मोल क्यूबिट, म्हणजे यंत्रातले स्पिनसारखे दोन अवस्थांचे घटक, मोजून ठरवू नये. त्या गणितात एंटँगलमेंट, म्हणजे कणांच्या अवस्थांचा एकमेकांतला गुंता, किती होतं, कशा स्वरूपाचं होतं, आणि तेच गणित साध्या संगणकावर करून दाखवायचा प्रयत्न कोणी, किती ताकद लावून केला, यावरून ते ठरावं. हा प्रयत्न करणाऱ्यांना सार्वजनिक निधीत हक्काचा वाटा हवा. आज तो जवळपास अपघातानेच मिळतो.

आता थोडं मागे जावं लागेल. 1920 मध्ये विल्हेल्म लेन्झ यांनी चुंबकाचं एक अगदी ढोबळ प्रारूप सुचवलं आणि ते आपले विद्यार्थी अर्न्स्ट इझिंग यांच्याकडे सोपवलं. इझिंग यांनी एका मितीतली साखळी सोडवली. निरपेक्ष शून्याच्या वर कुठल्याही तापमानाला तिच्यात अवस्थांतर, म्हणजे चुंबकत्व एकाएकी येणं किंवा जाणं, होत नाही, हा निष्कर्ष 1925 मध्ये छापून आला. त्यावरून त्यांनी जास्त मितींतही होणार नाही असा अंदाज केला, तो साफ चुकला. 1944 मध्ये लार्स ऑन्सागर यांनी दोन मितींतलं अचूक उत्तर दिलं आणि अवस्थांतराच्या आधुनिक सिद्धांताला पाया मिळाला.

हे झालं तापमानाने घडणारं अवस्थांतर. क्वांटम अवस्थांतर निरपेक्ष शून्यावर घडतं, तिथे उष्णतेची थरथर नसते. इझिंगच्या साखळीला आडवं चुंबकीय क्षेत्र लावा. शेजारचे स्पिन एकाच दिशेला तोंड करू पाहतात, तर क्षेत्र प्रत्येकाला आपल्याकडे आडवं वळवू पाहतं. क्षेत्र अगदी कमी असेल तर शेजाऱ्यांचं चालतं, फार वाढवलं तर क्षेत्राचं. या रस्सीखेचीत एक नेमका बिंदू येतो, त्याला क्रांतिक बिंदू म्हणतात, जिथे साखळीचं मूळ स्वरूपच पालटतं. पिअर फ्यूटी यांनी 1970 मध्ये हे प्रारूप अचूक सोडवलं. एका मितीत हा बिंदू, दोन्ही जोर सारखे झाले की, बरोबर येतो.

कागदावरचा खेळ वाटत असेल तर कोबाल्ट नायोबेटचा स्फटिक पाहावा. त्यातले कोबाल्टचे अणू साखळ्यांनी रचलेले असतात. 2010 मध्ये राडू कोल्डिया आणि सहकाऱ्यांनी हा स्फटिक निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या काही शतांशांवर नेला, साडेपाच टेस्लाच्या आसपासचं आडवं क्षेत्र लावलं आणि त्यावर न्यूट्रॉन सोडले. क्रांतिक बिंदूजवळ सर्वात खालच्या दोन उत्तेजनांच्या ऊर्जांचं गुणोत्तर 1.618 कडे, म्हणजे सुवर्ण गुणोत्तराकडे, सरकताना दिसलं. अलेक्झांडर झामोलोद्चिकोव यांनी 1989 मध्ये निव्वळ गणिताने हा आकडा सांगून ठेवला होता. वीस वर्षांपूर्वीचं समीकरण एका दगडात दिसावं, याचं मला अजून नवल वाटतं.

आता एंटँगलमेंटकडे. श्रोडिंगर यांनी 1935 मध्येच याचा गाभा सांगितला होता: दोन प्रणालींबद्दल मिळून जे जाणण्यासारखं आहे ते सगळं माहीत असूनही त्यातल्या एकटीबद्दल काहीच नक्की माहीत नसणं शक्य आहे. स्पिनच्या साखळीत याचं माप काढणं सोपं. साखळी मनातल्या मनात कापायची आणि एकाच तुकड्याकडे पाहायचं. अख्ख्या साखळीची अवस्था पूर्ण ठाऊक असताना या तुकड्याबद्दल जेवढी अनिश्चितता उरते, तेवढं त्याचं बाकीच्या साखळीशी एंटँगलमेंट. ही अनिश्चितता बिटांत मोजतात. हजार स्पिनांच्या तुकड्याची जास्तीत जास्त अनिश्चितता हजार बिट असू शकते.

2002 मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी, आंद्रेआस ऑस्टरलो व सहकारी आणि टोबायस ऑस्बोर्न व मायकेल नील्सन यांनी, आडव्या क्षेत्रातल्या इझिंग साखळीत क्रांतिक बिंदूजवळ एंटँगलमेंट कसं वागतं ते तपासलं. उत्तर गमतीचं निघालं. स्पिनांमधला परस्परसंबंध क्रांतिक बिंदूवर साखळीभर पसरतो, पण सुटे दोन स्पिन घेतले तर त्यांच्यातलं एंटँगलमेंट शेजाऱ्याच्या शेजाऱ्यापलीकडे पोचत नाही. म्हणजे गुंता जोड्यांमध्ये नाही, पुष्कळ जणांत मिळून आहे. पुढच्याच वर्षी गिफ्रे विदाल, होसे लातोरे, एन्रिके रिको आणि अलेक्सी कितायेव यांनी जोड्या सोडून अखंड तुकड्याचं एंटँगलमेंट मोजलं. क्रांतिक बिंदूपासून दूर असताना तुकडा लांबवत गेलं की ते एका मर्यादेला येऊन थांबतं. नेमक्या क्रांतिक बिंदूवर वाढत राहतं, पण लॉगॅरिथमच्या गतीने, म्हणजे गोगलगाईलाही दम धरायला लावेल अशा.

किती? सूत्रात आकडे घालून पाहा. अनंत साखळीतल्या हजार स्पिनांच्या तुकड्याचं, क्रांतिक बिंदूवर, म्हणजे ही साखळी सर्वात जास्त गुंतलेली असते तिथे, एंटँगलमेंट अडीच बिटसुद्धा भरत नाही. कमाल हजार, प्रत्यक्षात अडीचच्या आत. दोनच्या घाताची दमदाटी इथे उघडी पडते.

मराठीत तीनशे अक्षरं एकापुढे एक ठेवून किती मजकूर तयार होतील याचा हिशेब केला तर तोही आकडा विश्वातल्या अणूंना मागे टाकेल. म्हणून कोणी मराठी वाचणं अशक्य आहे असं म्हणत नाही, कारण माणसं जे लिहितात ते त्या अफाट पसाऱ्याच्या एका चिमुकल्या कोपऱ्यात मावतं. निसर्गातल्या बहुतेक स्पिन-प्रणालींच्या न्यूनतम ऊर्जेच्या अवस्थाही अशाच एका कोपऱ्यात राहतात, आणि त्या कोपऱ्याचा पत्ता एंटँगलमेंट सांगतं. ऊर्जेत फट असलेल्या, म्हणजे न्यूनतम अवस्थेतून पुढच्या अवस्थेत जायला ऊर्जेची ठरावीक उडी लागणाऱ्या, एका मितीतल्या साखळीत तुकड्याचं एंटँगलमेंट त्याच्या लांबीवर अवलंबून नसतं, फक्त कापलेल्या टोकांवर अवलंबून असतं. मॅथ्यू हेस्टिंग्ज यांनी 2007 मध्ये हे सिद्ध केलं. याला क्षेत्रफळाचा नियम म्हणतात. दोन मितींत तो बहुतेक ठिकाणी दिसतो, पण सर्वसाधारण सिद्धता अजून हाती नाही.

साखळीची अवस्था लिहिताना कमी गुंत्याचा हा कोपरा तेवढा धरून बाकीचं सोडून देणारी स्टीव्हन व्हाइट यांची डीएमआरजी ही संगणकी पद्धत 1992 ची, म्हणजे या सगळ्या स्पष्टीकरणाच्या आधीची. आधी ती चालली, मग का चालते ते उमगलं. डंकन हाल्डेन यांनी 1983 मध्ये एक विचित्र भाकीत केलं होतं: पूर्णांक स्पिनांच्या साखळीत ऊर्जेची फट असेल, अर्ध-पूर्णांकांच्या साखळीत नसेल. (स्पिनचं माप अर्धा, एक, दीड असं असतं; वर-खाली अशा दोनच दिशांचा तो अर्ध्याचा.) अनेकांचा त्यावर विश्वास बसेना. 1993 मध्ये व्हाइट आणि डेव्हिड ह्यूज यांनी डीएमआरजीने स्पिन-एक साखळीतली ही फट शेजाऱ्यांमधल्या जोराच्या 0.4105 पट असल्याचं काढलं. ते उत्तर आजही तसंच उभं आहे. काढलं कशावर, तर 1993 सालच्या संगणकावर. हाल्डेन यांना 2016 चं नोबेल ज्या कामांसाठी मिळालं त्यात ही साखळीही होती.

यावर क्वांटम यंत्रवाल्यांचा प्रतिवाद ठरलेला आहे, आणि तो खोटा नाही: सोपी उदाहरणं निवडून तुम्ही अवघड प्रश्न नाहीत असं भासवता. अवघड प्रश्न आहेतच. साखळीला अचानक धक्का दिला, म्हणजे क्षेत्र झटक्यात बदललं, तर त्यानंतर एंटँगलमेंट वेळेच्या प्रमाणात सरळ रेषेत वाढत जातं. पास्कुआले कालाब्रेझे आणि जॉन कार्डी यांनी 2005 मध्ये हे दाखवलं. टेन्सर नेटवर्कचा, म्हणजे डीएमआरजीच्या कुळातल्या पद्धतींचा, खर्च एंटँगलमेंटच्या घाताने वाढतो, त्यामुळे थोड्याच वेळात साधा संगणक गुडघे टेकतो. दोन मितींत कापलेली कडच लांब असते, म्हणून क्षेत्रफळाचा नियम पाळूनही एंटँगलमेंट मोठं होतं. त्यात त्रिकोणी रचनेत तीन स्पिन एकमेकांच्या उलट व्हायला निघाले, तर तिघांचं एकाच वेळी समाधान होणं शक्यच नसतं, हे फ्रस्ट्रेशन. मॉन्टे कार्लोसारखी, म्हणजे यादृच्छिक नमुने घेऊन सरासरी काढणारी, दुसरी भक्कम पद्धतही अशा ठिकाणी उणे चिन्हांच्या घोळात फसते. सर्वात वाईट उदाहरणं तर अशी आहेत की खुद्द क्वांटम संगणकालाही ती झटपट सोडवता येतील असं कोणी मानत नाही. 2009 मध्ये डोरित आहारोनोव आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मुद्दाम रचलेल्या एका मितीतल्या साखळ्यासुद्धा इतक्या वाईट असू शकतात.

म्हणजे सोप्याची आणि अवघडाची सीमारेषा स्पिनांच्या संख्येवर ठरत नाही. मिती किती, फट आहे की नाही, धक्का दिल्यानंतर किती वेळ गेला, जाळी कशी विणलेली आहे, यावर ती ठरते. जो दावा या गोष्टी न सांगता फक्त संख्या सांगतो, तो ऐकणाऱ्याला अडाणी समजतो.

अलीकडचे तीन दावे या नजरेने पाहू. 2019 मध्ये गूगलच्या सिकॅमोर यंत्राने 53 क्यूबिट वापरून यादृच्छिक सर्किटांचे नमुने काढले. आमच्या यंत्राला 200 सेकंद लागले, महासंगणकाला 10,000 वर्षं लागतील, असं जाहीर झालं. आयबीएमने लगेच म्हटलं, डिस्कवरची जागा नीट वापरली तर अडीच दिवस. दोन-तीन वर्षांत बीजिंगच्या एका गटाने टेन्सर नेटवर्क आणि 512 ग्राफिक्स प्रोसेसर घेऊन ते काम सुमारे 15 तासांत करून दाखवलं. त्यांना मदत कशाची झाली? सिकॅमोरच्या अवस्थेची विश्वासार्हता एका टक्क्याच्या पाचव्या भागाएवढीच होती. बाकी सगळा गोंगाट. गोंगाटी यंत्राची बरोबरी करायची तर साध्या संगणकालाही तेवढंच अर्धवट उत्तर देऊन भागतं. गूगलच्या पुढच्या, मोठ्या आणि कमी गोंगाटाच्या सर्किटांचा पाठलाग एवढा सोपा राहिलेला नाही, हेही त्याच दमात सांगायला हवं.

दुसरा दावा आपल्या विषयाच्या अगदी पोटातला. जून 2023 मध्ये आयबीएमने 127 क्यूबिटांच्या यंत्रावर इझिंग प्रारूपाचं काळानुसार बदलणं चालवलं. दोन क्यूबिटांना जोडणाऱ्या क्रियांचे साठ थर, अशा एकूण 2,880 क्रिया. लेखकांनी शब्द जपून वापरले होते, ‘श्रेष्ठत्व’ न म्हणता ‘उपयुक्तता’ म्हटलं होतं. बातम्यांमध्ये हा संयम अर्थातच टिकला नाही. काही आठवड्यांत जोसेफ टिंडल, मॅथ्यू फिशमन, माइल्स स्टाउडेनमायर आणि ड्रीस सेल्स यांनी ते आकडे साध्या संगणकावर काढले, तेही यंत्रापेक्षा अधिक अचूक. दुसरीकडे टोमिस्लाव बेगुशिच आणि गार्नेट चॅन वेगळ्याच वाटेने तिथेच पोचले. टिंडल यांच्या युक्तीचं मूळ जाळीच्या विणीत होतं. आयबीएमच्या यंत्रातले क्यूबिट षटकोनांच्या कडांवर इतके विरळ जोडलेले आहेत की जवळून पाहिलं तर ती जाळी फांद्या फुटलेल्या झाडासारखीच वाटते, आणि झाडावरचा गुंता सोडवायला टेन्सर नेटवर्क तरबेज असतं. 127 हा आकडा इथे काहीच सांगत नव्हता. सांगत होती ती जाळी.

तिसरा दावा सर्वात शिकवणारा, कारण तिथे वाद खरोखर एंटँगलमेंटवर आला. मार्च 2025 मध्ये डी-वेव्ह या क्वांटम यंत्रं बनवणाऱ्या कंपनीने स्पिन ग्लासच्या धक्क्यानंतरच्या हालचालींचा प्रयोग प्रसिद्ध केला. स्पिन ग्लास म्हणजे शेजाऱ्यांमधले जोर यादृच्छिक असलेली, कोंडीत सापडलेली प्रणाली. त्या सिद्धांतातल्या कामासाठी जॉर्जिओ पारिसी यांना 2021 मध्ये नोबेलचा वाटा मिळाला. डी-वेव्हने इथे एंटँगलमेंट क्षेत्रफळाच्या नियमाने वाढतं असं दाखवलं आणि त्यावरून टेन्सर नेटवर्कचा खर्च अफाट होईल असं मांडलं. क्यूबिट मोजण्यापेक्षा हे कितीतरी सरस. पण हा हिशेब एका मितीसाठी घडवलेल्या टेन्सर नेटवर्कचा होता. टिंडल आणि सहकाऱ्यांनी जाळीच्या आकाराला साजेशी टेन्सर नेटवर्क वापरून, तर लिंडा मॉरॉन आणि जुसेप्पे कार्लेओ यांनी मॉन्टे कार्लोवर आधारलेल्या वेगळ्या पद्धतीने, त्यातले काही भाग गाठून दाखवले. डी-वेव्हचं उत्तर असं की सगळे भाग गाठलेले नाहीत, अवघडातली अवघड उदाहरणं बाकीच आहेत. हेही चुकीचं नाही. या वादात मी कुणाच्याच बाजूने निकाल देत नाही. एका हत्याराने काम झालं नाही म्हणजे कुठल्याच हत्याराने होणार नाही, असं मात्र होत नाही, आणि हा फरक मथळ्यांमध्ये कधीच उरत नाही.

तिन्ही वेळा दावा तपासला कोणी? निधी देणाऱ्या समितीने नाही, नियतकालिकाच्या परीक्षकांनीही पुरता नाही. स्पिन-साखळ्यांवर वर्षानुवर्षं मान मोडून काम केलेल्या मोजक्या माणसांनी स्वतःच्या हौसेने तपासला. हे लोक क्वांटम यंत्रांचे वैरी नाहीत; टिंडल यांच्यासारख्यांच्या पद्धती उद्या त्याच यंत्रांच्या चुका सुधारायला लागणार आहेत. पण क्वांटम मोहिमांचे अर्ज ज्या साच्यात मागवले जातात त्यात यंत्र बांधणाऱ्याला रकाना असतो, यंत्रावर अल्गोरिदम चालवणाऱ्याला असतो, त्याच प्रश्नाचं उत्तर यंत्राशिवाय काढून दाखवणाऱ्याला नसतो. असा माणूस ‘क्वांटम’ या शीर्षकाखाली बसत नाही आणि साध्या संगणनाच्या निधीत ‘फार सैद्धांतिक’ म्हणून बाजूला पडतो. नव्या औषधाची चाचणी औषध बनवणाऱ्याच्या शब्दावर सोडायची नाही हे जगाने फार मोठी किंमत मोजून शिकलं. इथे अजून ती शिस्त आलेली नाही.

यावर एक आक्षेप मला मनापासून पटतो. आव्हान देणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असतं. यंत्राने आलेख छापला, आता त्या आलेखावर बसेल अशी पद्धत शोधणं हे पहिल्यांदा शोधण्यापेक्षा सोपं. यंत्रवाल्यांची ही तक्रार रास्त आहे आणि तिच्यावर इलाजही आहे: प्रयोगाचं प्रारूप, जाळी, जोरांचे आकडे आधी जाहीर करावेत, दोन्ही बाजूंनी आपापली उत्तरं एकाच मुदतीत बंद करून ठेवावीत, आणि मग दोन्ही उघडावीत. प्रत्येक दाव्यासाठी एवढं करणं शक्य नाही, मान्य. पण जिथे सार्वजनिक पैसा ‘साध्या संगणकापलीकडे’ या शब्दांवर दिला जातो, तिथे हे बंधन का नसावं? शिवाय सगळी कच्ची मोजमापं, फक्त सरासऱ्या नव्हेत, खुली असली पाहिजेत. वर सांगितलेल्या वादांमध्ये जो काही निवाडा होऊ शकला तो जे खुलं होतं त्याच्याच जोरावर.

आणि एंटँगलमेंट प्रत्यक्ष मोजावं, निदान त्याची मर्यादा सांगावी. हे हवेतलं मागणं नाही. 2015 मध्ये हार्वर्डला मार्कुस ग्राइनर यांच्या गटाने चार अणूंच्या प्रणालीच्या दोन हुबेहूब प्रती एकमेकींत मिसळून तुकड्याची एन्ट्रॉपी, म्हणजे वर सांगितलेल्या अनिश्चिततेचंच एक माप, थेट मोजली. 2019 मध्ये इन्सब्रुकला वीस आयनांच्या प्रणालीत, दहा आयनांपर्यंतच्या तुकड्यांची एन्ट्रॉपी यादृच्छिक मोजमापांतून काढली. तुकडा मोठा होत गेला की लागणारी मोजमापं घाताने वाढतात, तेव्हा शेकडो क्यूबिटांवर हे जसंच्या तसं चालणार नाही. पण लहान तुकड्यांवर मोजून वाढीचा कल दाखवता येतो, आणि तो कल संख्येपेक्षा कितीतरी जास्त बोलतो.

याचा अर्थ यंत्रं निरुपयोगी आहेत असा कोणी काढू नये. 2021 मध्ये हार्वर्ड-एमआयटीच्या गटाने 256 अणू लेझरच्या चिमट्यांत पकडून दोन मितींतली क्वांटम अवस्थांतरं समोर घडवून पाहिली, एका अवस्थेतून दुसरीत किती हळू जावं म्हणजे किती दोष उरतात हे मोजलं. त्या कामात मला सर्वात आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांचा प्रश्न भौतिकशास्त्राचा होता. साध्या संगणकाला हरवणं हा त्यांचा हेतू नव्हता. अवघड म्हणून निवडलेला प्रश्न आणि हवाहवासा म्हणून निवडलेला प्रश्न यांत मी दुसऱ्याला दुप्पट गुण देईन. यादृच्छिक सर्किटाचं उत्तर मिळालं तरी त्याचं पुढे काय करायचं, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

असे हवेहवेसे प्रश्न कोणते, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर तयार आहे: कागोमे जाळी. त्रिकोण कोपऱ्याला कोपरा लावून विणलेली ही जाळी, आणि तिच्यावरचे स्पिन शेजाऱ्याच्या उलट व्हायला झटणारे. शून्य तापमानालाही हे स्पिन गोठत नाहीत, त्यांचा एक ‘द्रव’ होतो, असं बहुतेकांना वाटतं. या द्रवात ऊर्जेची फट आहे का? 2011 मध्ये सिमेंग यान, ह्यूज आणि व्हाइट यांनी डीएमआरजीने म्हटलं, आहे. 2017 मध्ये दुसऱ्या गटांनी, तेही टेन्सर नेटवर्कच वापरून, म्हटलं, दिसत नाही. प्रत्यक्ष खनिजही आहे, हर्बर्टस्मिथाइट नावाचं, तांब्याच्या अणूंची कागोमे जाळी असलेलं. 2015 मध्ये चुंबकीय अनुनादाच्या मोजमापांतून फट असल्याचं सांगण्यात आलं, 2020 मध्ये त्याच प्रकारच्या मोजमापांतून नसल्याचं. त्या खनिजात जस्ताच्या काही जागांवर तांब्याचे जादा अणू घुसलेले असतात आणि त्यांचा आवाज मूळ जाळीच्या आवाजात मिसळतो.

म्हणजे टेन्सर नेटवर्कवाल्यांचं आपसांत जुळत नाही आणि स्फटिकवाल्यांचंही. उद्या एखाद्या क्वांटम यंत्राने या प्रश्नाचं उत्तर दिलं, आणि ते उत्तर पडताळायला साध्या संगणकावर काम करणारी माणसं पगारावर शिल्लक असली, तर त्या यंत्राला किती क्यूबिट होते हे विचारायचं मी सोडून देईन.